फवारणी थांबवल्यानंतरचं वर्ष: पुण्यातल्या बागेतल्या किडी आणि त्यांचे शत्रू

बागेतली रासायनिक फवारणी बंद करायची तर सुरुवात सोसायटीच्या कार्यालयापासून करावी लागते. माझी बाग पुण्यात, कोथरूडच्या टेकडीकडच्या बाजूला, तळमजल्याच्या घरामागे आहे. साधारण ४०० चौरस फुटांची पट्टी. कुंपणाला जास्वंद आणि तगर, कोपऱ्यात लिंबू, शेजारी कढीलिंब, एक पेरू, दोन पपया आणि हंगामाप्रमाणे वाल, दोडका, वांगी, टोमॅटो. सोसायटीचं कीटकनियंत्रणाचं वार्षिक कंत्राट असतं. महिन्यातून एकदा माणसं येतात, ड्रेनेजचे चेंबर आणि पार्किंग फवारतात आणि त्याच पंपाने कुंपणाची झाडंही भिजवून जातात. झाडांवरची ही फवारणी या पट्टीपुरती थांबवावी, असा अर्ज ६ मे २०२४ रोजी दिला.

असा अर्ज कुणाला करायचा असेल तर तीन गोष्टी त्यात घालाव्यात. एक, पट्टीचा हाताने काढलेला नकाशा, मापांसह. दोन, चेंबरमधली फवारणी आणि झुरळांचं जेल यांना आपला विरोध नाही, हे स्पष्ट वाक्य. ते नसेल तर सभेत पहिली शंका तीच निघते. तीन, कंत्राटदार कोणती औषधं वापरतो त्यांची नावं आणि लेबलची प्रत मागणं. कीटकनाशक कायदा, १९६८ आणि त्याखालच्या १९७१च्या नियमांनुसार प्रत्येक डब्यावर विषारीपणा दाखवणारा रंगीत चौकोन लागतो: लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा आणि शेवटी हिरवा. बिनलेबलच्या बाटलीत ओतून दिलेलं औषध कुणाकडूनही घेऊ नये. रोपवाटिकांमध्ये ते सहज हातात ठेवलं जातं, पण त्यात काय आहे हे कळायला मार्ग नसतो.

व्यवस्थापन समितीची बैठक महिन्यातून एकदाच होते, त्यामुळे उत्तर यायला जून उजाडला. परवानगी मिळाली ती दोन अटींवर: पट्टीत डासांची पैदास होता कामा नये, आणि कीड शेजारच्या झाडांवर पसरली तर परवानगी रद्द. ठरावाचा उतारा सही-शिक्क्यासह मागून घेतला, त्याची प्रत कंत्राटदाराच्या पर्यवेक्षकाला दिली आणि कुंपणावर ‘येथे फवारणी करू नये’ अशी लॅमिनेट केलेली पाटी लावली. पाटीला ९० रुपये लागले. फवारायला येणारी मुलं दर वेळी वेगळी असतात. त्यांना ठराव माहीत नसतो, पण पाटी दिसते.

आता पुढचं सगळं ज्यावर उभं आहे ती गोष्ट. फवारणी थांबली की आधी कीड वाढते, तिचे शत्रू नंतर येतात. मावा किंवा पिठ्या ढेकूण अशा झाडाचा रस शोषणाऱ्या किडी आठवड्याभरात कितीतरी पटींनी वाढू शकतात. त्यांना खाणारे ढालकिडे (लेडीबर्ड) आणि त्यांच्यात अंडी घालणाऱ्या सुईच्या टोकाएवढ्या गांधीलमाश्या भक्ष्य पुरेसं दिसल्याशिवाय येत नाहीत. मधले दोन-तीन आठवडे फार अवघड जातात. पानं गुंडाळलेली, कळ्या काळवंडलेल्या, शेजारी विचारतात, आणि हात औषधाकडे जातो. त्या आठवड्यात फवारलं तर नुकतेच येऊ लागलेले शत्रू मरतात आणि फेरा पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. हे अंतर पार करण्यासाठी जे काही करता येतं, तेच या वर्षभरात करत गेले.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस आला आणि त्याच्याबरोबर शंखी गोगलगाय. ही मूळची पूर्व आफ्रिकेतली. १८४७ मध्ये कलकत्त्यात आणली गेली आणि तिथून देशभर पसरली. २०२२च्या खरिपात मराठवाड्यात सोयाबीनची कोवळी रोपं हिने रातोरात फस्त केली होती. नर वेगळा, मादी वेगळी असा प्रकार यांच्यात नसतोच. प्रत्येक गोगलगाय अंडी घालते, एका वेळी शंभराच्या वर, वाटाण्याहून थोडी लहान आणि फिकट पिवळी, मातीत बोटभर खोल. म्हणून पहिल्या पंधरवड्यातली वेचणी सर्वांत मोलाची. नंतर वेचत बसणं म्हणजे नुसती दमछाक.

पद्धत साधी आहे. संध्याकाळी ओलं बारदान गुळाच्या पाण्यात बुडवून वाफ्याच्या कडेला पसरायचं, त्याखाली कोबीची बाहेरची पानं किंवा पपईची साल ठेवायची. रात्री नऊ-दहाला आणि पहाटे उजाडायच्या आत बारदान उचललं की खाली जमलेल्या सापडतात. रबरी हातमोजे घालूनच उचलायच्या, कारण यांच्या अंगात उंदरांकडून आलेला एक सूक्ष्म जंत असू शकतो आणि तो माणसाच्या मेंदूच्या आवरणापर्यंत पोचू शकतो. पावसाळ्यात बागेतली पालेभाजी कच्ची खाऊ नये, तेही याचसाठी. वेचलेल्या गोगलगायी मिठाच्या दाट पाण्याच्या बादलीत टाकायच्या आणि नंतर खड्ड्यात चुना घालून पुरायच्या. मीठ थेट वाफ्यावर टाकू नये, गांडुळं मरतात आणि मुळं करपतात. बाजारात मेटाल्डिहाइडच्या गोळ्या मिळतात. त्या कुत्र्यांना गोड लागतात आणि खाल्ल्यावर झटके येऊन कुत्रं दगावू शकतं. सोसायटीच्या आवारात भटकी कुत्री असतात, त्यामुळे तो पर्याय बादच.

२४-२५ जुलैला पुण्यात अतिवृष्टी झाली. त्यानंतर गोगलगायी जमीन सोडून भिंतींवर आणि पेरूच्या खोडावर चढल्या. अशा वेळी वेचणं उलट सोपं होतं, टॉर्च घेऊन भिंतीवरून हात फिरवत गेलं की झालं. याच दिवसांत भारद्वाज कुंपणाखालून चालत येऊ लागला. हा पक्षी गोगलगाय कवच फोडून खातो, मोठी शंखीसुद्धा. त्याला उडायच्या मोकळ्या जागेपेक्षा दाट झुडूप आणि खाली उघडी माती लागते, म्हणून तगरीची खालची दाटी कापली नाही. टेकडीच्या बाजूला काजवेही आहेत. काजव्याची अळी जमिनीवर राहून लहान गोगलगायींवरच जगते. तिच्यासाठी एका कोपऱ्यात पालापाचोळा ओला ठेवला आणि त्या बाजूचा रात्रभर जळणारा दिवा बंद करून घेतला. दिव्यासाठी पुन्हा अर्ज करावा लागला नाही, वॉचमनदादांना सांगून भागलं.

समितीची डासांची अट पाळणं सोपं आहे, पण त्यात सातत्य लागतं. पक्ष्यांसाठीच्या पसरट भांड्यातलं पाणी रोज बदलायचं, कुंड्यांखालच्या ताटल्या काढूनच टाकायच्या. डासाचं अंड्यापासून डास होईपर्यंतचं चक्र आठवड्याभराचं असतं, त्यामुळे आठवड्यातून एकदा प्रत्येक भांडं घासून कोरडं केलं तरी पुरतं. घासायचं अशासाठी की एडिस डासाची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून राहतात, नुसतं पाणी ओतून जात नाहीत. कमळाच्या टाकीत गप्पी मासे सोडले. महापालिकेच्या कीटक प्रतिबंधक विभागाकडे त्यासाठी विचारता येतं. मात्र हे मासे परदेशी आहेत. ओढ्यात किंवा तळ्यात ते कधीही सोडू नयेत, तिथल्या स्थानिक माशांना आणि बेडकांच्या पिल्लांना ते जगू देत नाहीत.

जुलै-ऑगस्टमध्ये लिंबाच्या कोवळ्या पानांवर पक्ष्यांच्या विष्ठेसारखे दिसणारे ठिपके हलताना दिसतात. त्या फुलपाखरांच्या अळ्या. मोठ्या झाल्या की हिरव्या होतात आणि डिवचलं तर डोक्यामागून शिंगासारखा लाल-नारिंगी अवयव काढून उग्र वास सोडतात. बहुतेक वेळा त्या लिंबावरच्या नेहमीच्या फुलपाखराच्या असतात, पण त्यात नीलवंताच्याही असू शकतात. नीलवंत, म्हणजे ब्लू मॉरमॉन, २०१५ पासून महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू आहे. लिंबू कमरेच्या वर गेलेलं असेल तर या अळ्यांचं काहीही करायची गरज नसते. झाड पुन्हा फुटतं. रोप गुडघ्याएवढं असेल तर मात्र अळी पानासकट उचलून मोठ्या लिंबावर किंवा कढीलिंबावर ठेवावी. शिंपी पक्षी आणि राखी वटवट्या रोज सकाळी हे झाड तपासून जातात, आणि किती अळ्या शिल्लक ठेवायच्या हे बऱ्याच अंशी तेच ठरवतात. पानांत वळणावळणाच्या पांढऱ्या रेघा दिसल्या तर ती नागअळी. ती पानाच्या आत असल्यामुळे वरून मारलेला साबण किंवा तेल तिच्यापर्यंत पोचत नाही. लिंबाच्या मोठ्या झाडावर तिच्याकडे दुर्लक्ष करावं.

खरा कस लागला तो गणपतीनंतर. ७ सप्टेंबरला गणपती बसले तेव्हा जास्वंद भरून फुलत होती. विसर्जनापर्यंत शेंड्यांची पानं चुरडा-मुरडा झाल्यासारखी आखडली, कळ्या न उघडताच गळायला लागल्या आणि पेरांत पांढरे पुंजके दिसले. हा गुलाबी पिठ्या ढेकूण. वरचं पांढरं म्हणजे मेण, आणि ते मेणच त्याची ढाल असते. पाण्यात मिसळलेलं बहुतेक औषध त्यावरून ओघळून जातं. मेण नसतं ते फक्त अंड्यातून नुकत्याच निघालेल्या, मोहरीहूनही लहान, रांगणाऱ्या पिल्लांना. म्हणून एकदा जोरात फवारून काही होत नाही. पिल्लं निघत राहतात तसं दर सहा-सात दिवसांनी पुन्हा जावं लागतं.

पहिल्यांदा हात घातला तो मुंग्यांना. पिठ्या ढेकूण गोड चिकटा सोडतो, मुंग्या तो चिकटा खातात आणि बदल्यात ढेकणांची राखण करतात. ढालकिड्याची अळी जवळ आली तर तिला चावून हाकलतात. खोडाला चार इंच रुंद प्लॅस्टिकची पट्टी घट्ट बांधून त्यावर ग्रीसचा थर दिला. ग्रीस थेट सालीवर लावू नये, साल गुदमरते. पट्टी फसते ती दोन कारणांनी: एखादी फांदी भिंतीला किंवा तारेला टेकलेली असते आणि मुंग्या तिथून चढतात, किंवा ग्रीसवर धूळ बसून पूल तयार होतो. टेकणाऱ्या फांद्या कापल्या, ग्रीस आठवड्याने बदललं. वारुळाच्या वाटेवर बोरॅक्सचं आमिष ठेवलं: १०० मिली पाण्यात १० ग्रॅम साखर आणि १ ग्रॅम बोरॅक्स, कापसाचा बोळा भिजवून, झाकणाला भोक पाडलेल्या डबीत. बोरॅक्स जास्त घातला तर कामकरी मुंगी वाटेतच मरते आणि राणीपर्यंत काही पोचत नाही, म्हणून प्रमाण कमीच हवं. लहान मुलं आणि मांजर यांच्या हाती ही डबी लागू देऊ नये.

सर्वांत जास्त बाधित शेंडे कापले, प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून दिवसभर उन्हात ठेवले आणि मग कचऱ्यात दिले. कंपोस्टमध्ये टाकले असते तर पिल्लं रांगत परत आली असती. उरलेल्यावर पोटॅश साबणाचं पाणी, लिटरला ५ ग्रॅम, पानाच्या खालच्या बाजूने, संध्याकाळी. कपड्यांची पावडर वापरू नये, तिने पानांच्या कडा जळतात. अर्धा किलो साबण १५० रुपयांना मिळाला, तो वर्षभर पुरला.

त्याच आठवड्यात क्रिप्टोलीमस मागवले. हा ऑस्ट्रेलियातला ढालकिडा, चार मिलिमीटरचा, पाठ काळपट आणि डोकं नारिंगी. भारतात तो १८९८ पासून आहे. जैविक कीड नियंत्रणाच्या अखिल भारतीय प्रकल्पाचं एक केंद्र पुण्याच्या कृषी महाविद्यालयात आहे, बंगळुरूला राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्यूरो आहे, आणि खासगी उत्पादकही आहेत. कुठूनही घ्या, पण तीन प्रश्न आधी विचारून घ्यावेत: भुंगेरे (प्रौढ किडे) देणार की अळ्या, कुरिअर किती दिवसांत पोचणार, आणि वाटेत मेले तर काय. सोमवारी पाठवायला सांगावं, शनिवारी पाठवलेला डबा रविवारभर गोदामात तापतो. १०० भुंगेऱ्यांचे कुरिअरसह ६५० रुपये झाले. मागणी नोंदवल्यानंतरची वाट पाहणं सर्वांत जिवावर येतं, कारण त्या काळात जास्वंद रोज आणखी केविलवाणी दिसत जाते आणि कडुनिंबाचं तेल मारून टाकावं असं सारखं वाटतं. भुंगेरे सोडायच्या आधी किमान दोन आठवडे तेल किंवा दुसरं कोणतंही औषध झाडावर नको. साबणपाणी चालतं, कारण वाळल्यावर त्याचा परिणाम राहत नाही.

डबा २६ सप्टेंबरला आला. सूर्य मावळल्यावर, झाडांना थोडं पाणी शिंपडून, ढेकणांच्या पुंजक्यांजवळच एकेका झाडावर आठ-दहा सोडले. दुपारी सोडले तर उडून जातात. दुसऱ्या दिवशी फार थोडे दिसले. सगळे गेले असं समजून मन खट्टू होतं, पण मादी तोवर पुंजक्यांत अंडी घालून गेलेली असते. पाच-सहा दिवसांत अळ्या निघतात.

इथे बहुतेकांची गफलत होते. क्रिप्टोलीमसची अळी स्वतःच पांढरी, मेणाच्या दशा असलेली, अगदी पिठ्या ढेकणासारखी दिसते. माळीबुवा तिला सगळ्यात मोठी कीड समजून आधी चिरडतात. ओळखायची खूण अशी: ढेकूण तीन-चार मिलिमीटरचा आणि जवळजवळ जागेवरच बसलेला असतो, तर अळी एक सेंटिमीटरच्या वर जाते आणि काडीने स्पर्श केला तर चटकन चालू लागते. बागेत काम करणाऱ्या प्रत्येकाला भिंगातून ही अळी एकदा दाखवावी. दसऱ्याला, १२ ऑक्टोबरला, अशा अळ्या पेरापेरांत फिरत होत्या. नोव्हेंबर लागता लागता, दिवाळीत, जास्वंदीची नवी पालवी सरळ आणि स्वच्छ फुटली. थोडे ढेकूण खालच्या फांद्यांवर शिल्लक होते, ते मुद्दाम राहू दिले. ते संपले तर भुंगेरेही दुसरीकडे जातात.

पपईवरचा पिठ्या ढेकूण वेगळा असतो, पिवळसर. दोन-चार ढेकूण स्पिरिटमध्ये टाकून ठेवले आणि एक-दोन दिवसांत निळसर काळे झाले, तर तो पपईचाच. हा मेक्सिकोकडचा. २००८ मध्ये कोइम्बतूरजवळ पहिल्यांदा नोंदला गेला आणि दोन वर्षांत पपई, तुती, साबुदाण्याच्या कंदाची शेती हवालदिल झाली. २०१० मध्ये पोर्तो रिकोहून त्याच्यावर जगणाऱ्या तीन जातींच्या गांधीलमाश्या आणल्या. त्यातली ॲसेरोफॅगस ही एक मिलिमीटरपेक्षाही लहान माशी सर्वांत प्रभावी ठरली आणि आता महाराष्ट्रातही आहे. तिला विकत आणावं लागत नाही. पपईच्या पानामागे फुगलेले, तपकिरी, कडक झालेले ढेकूण दिसले आणि त्यांना गोल छिद्र असलं की ती पोचली असं समजावं. अशी पानं तोडून जाळू नयेत.

हिवाळ्यात वालावर काळा मावा आला, नोव्हेंबरच्या शेवटी. मावा सोपा आहे, कारण त्याला खाणारे खूप. फक्त ते ओळखू यायला हवेत. पिवळी, उभी, पुंजक्यातली अंडी ढालकिड्याची. केसाएवढ्या देठावर एकेक लटकणारं अंडं क्रायसोपाचं, म्हणजे जाळीदार पंखांच्या हिरव्या किड्याचं. डोकं नसल्यासारखी वाटणारी, हिरवट, जळूसारखी चालणारी अळी फुलांवर भिरभिरणाऱ्या सिरफिड माशीची. तपकिरी, फुगीर, निश्चल मावा म्हणजे आत गांधीलमाशीचं पिल्लू. शेंड्यावर यांपैकी दोन गोष्टी दिसल्या तर त्या शेंड्याला हात लावू नये. एकही दिसली नाही तर पाण्याची जोराची धार मारावी, खाली पडलेला मावा सहसा परत चढत नाही. या सगळ्या प्रौढ माश्यांना मध आणि पराग लागतात. बडीशेप, शेपू आणि कोथिंबीर थोडी फुलावर जाऊ दिली की त्या येतात, कारण या फुलांत मध उथळ असतो आणि छोट्या तोंडांना पोचतो. स्वयंपाकघरातल्या दहा रुपयांच्या धन्यांतून हे काम होतं.

एक अपवाद वांग्यावर भेटतो. तिथला ढालकिडा ओळीने २८ ठिपक्यांचा, अंगावर बारीक लव असल्यामुळे निस्तेज दिसणारा. तो मावा खात नाही, पानं खरवडून जाळी करतो. त्याची अळी पिवळी आणि काटेरी. चकचकीत पाठीचे सात ठिपक्यांचे किंवा वळणदार काळ्या नक्षीचे ठेवायचे, निस्तेज पाठीचे वेचून साबणाच्या पाण्यात टाकायचे. पांढऱ्या माशीसाठी जानेवारीत पिवळे चिकट सापळे लावले, पण पंधरा दिवसांतच काढले. त्यांवर सिरफिड माश्या आणि लहान गांधीलमाश्याही चिकटतात. कीड आली का हे पाहण्यापुरताच तो सापळा चांगला.

फेब्रुवारीत आग्या माश्यांचा थवा पेरूच्या फांदीला येऊन लटकला. आवारात घबराट झाली, फवारायची मागणी झाली. पोळं नसलेला, नुसता माश्यांचा घोस लटकलेला असेल तर तो प्रवासातला मुक्काम असतो, काही दिवसांत तो आपसूक निघून जातो. त्या दिवसांत खाली दोरी बांधून वाट बंद केली, धूर आणि तीव्र दिवे टाळले, आणि कार्यालयात लेखी कळवून ठेवलं. तिसऱ्या दिवशी सकाळी फांदी मोकळी होती. पोळं बांधलेलं असेल तर पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, तिथे सल्ला विचारावा. सातेरी माशी पेटीत बसवता येते, आग्या आणि फुलोरी बसवता येत नाहीत. पोळ्याखाली जाळ करणं माणसांसाठीही घातक असतं, चिडलेल्या आग्या माश्या लांबवर पाठलाग करतात.

कंपोस्टपाशी घुशीची बिळं दिसली तीही याच सुमारास. विषाच्या वड्या ठेवल्या नाहीत. विष खाऊन सुस्तावलेली घूस गव्हाणी घुबड उचलतं आणि तेच विष घुबडात जातं. शिजलेलं अन्न कंपोस्टमध्ये टाकणं बंद केलं, पेटीच्या तळाला अर्ध्या इंचाची जाळी मारली आणि पिंजरा लावला. मार्चमध्ये त्याच बाजूला धामण दिसली. ती बिनविषारी आहे आणि उंदीर-घुशी हे तिचं मुख्य अन्न. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली तिला मारणं किंवा पकडून ठेवणं गुन्हा आहे. साप कोणता हे खात्रीने कळत नसेल, किंवा तो घरात शिरला असेल, तर लांबून नजर ठेवून वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर फोन करावा. आवारातल्या मंडळींना हा क्रमांक फलकावर लिहून दिला. बागेत मोकळा फिरणारा साप कुणी हात न लावता सोडून दिला की बहुतेक वेळा स्वतःच पुढे जातो, आणि ही धामणही तशीच गेली.

मार्च-एप्रिलच्या कोरड्या उन्हात वांग्याच्या पानांवर पिवळे बारीक ठिपके आणि खाली जाळी येते. ती लाल कोळी. ही कीटक नसून कोळ्यांच्या वर्गातली, त्यामुळे माव्यावर चालणारं प्रत्येक औषध हिच्यावर चालतंच असं नाही. कोरडेपणा हिला पोसतो, म्हणून सकाळी पानांच्या खालून पाण्याची धार हाच पहिला उपाय. गंधकाची पाण्यात मिसळणारी भुकटी लिटरला २ ग्रॅम चालते, पण पारा पस्तिशीला टेकला असताना मारली तर पानं करपतात, आणि तेल मारलेल्या झाडावर दोन आठवडे तरी ती नको. पुण्याच्या एप्रिलमध्ये त्यामुळे ती जवळजवळ निरुपयोगीच आहे.

दोडक्याच्या वेलावर मादी फळमाशी कोवळ्या फळाला डंख करते, आत अळ्या होतात, फळ वाकडं होऊन सडतं. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा ‘रक्षक’ सापळा ऐकून माहीत असतो. पण सापळ्यापेक्षा आतलं आमिष महत्त्वाचं: आंबा-पेरूच्या फळमाशीला मिथिल युजेनॉल, दोडका-कारल्याच्या फळमाशीला क्यूल्यूर. दुकानदार बहुधा पहिलंच देतो, आणि मग सापळ्यात माश्या भरल्या तरी दोडका सडतच राहतो. दोन्ही आमिषं फक्त नरांना ओढतात, त्यामुळे फळ धरण्याच्या आधीच सापळा लावायचा. सापळा १२० रुपये, आमिषाची वडी ६० रुपये, दीड-दोन महिन्यांनी बदलायची. याच्या जोडीला फळ बोटाएवढं असतानाच कागदी पिशवी बांधायची आणि गळालेलं फळ त्याच दिवशी दीड-दोन फूट खोल पुरायचं किंवा बंद पिशवीत उन्हात ठेवायचं. वरवर मातीखाली ढकललेल्या फळातून माशी सहज बाहेर येते.

२०२५चा पाऊस मे महिन्यातच कोसळला. २६ मेला मोसमी वारे पुण्यात पोचल्याची घोषणा झाली, आणि गोगलगायींसाठीचं बारदान आधीच्या वर्षीपेक्षा दोन आठवडे लवकर बाहेर काढावं लागलं. या पहिल्या पंधरवड्यात सापडलेल्या गोगलगायी बादलीच्या तळाशीच राहिल्या, बादली भरली नाही. वर्षाचा सगळा खर्च, पाटीपासून फळांच्या पिशव्यांपर्यंत, अडीच हजारांच्या आत राहिला.

पावसाने एक अडचण मात्र केली. निंबोळ्या पिकायच्या वेळी जमीन ओली झाली. खाली पडून भिजलेल्या निंबोळ्यांना बुरशी येते, म्हणून यंदा झाडाखाली जुनी साडी पसरून रोजच्या रोज गोळा केल्या. गर चोळून धुवायचा, बिया सावलीत पंख्याखाली खडखडीत वाळवायच्या आणि कापडी पिशवीत ठेवायच्या. प्लॅस्टिकमध्ये घाम सुटतो. लागेल तेव्हा ५० ग्रॅम बिया कुटून, फडक्यात बांधून, रात्रभर अर्धा लिटर पाण्यात भिजवायच्या, सकाळी दुधाळ पाणी येईपर्यंत पिळायच्या, गाळून २ ग्रॅम साबण मिसळायचा आणि एक लिटर करायचं. अर्क त्याच दिवशी संपवायचा आणि ऊन उतरल्यावर, मधमाश्या घरी गेल्यावरच मारायचा. वापरायचा तोही ज्या शेंड्यावर एकही शत्रूकीटक दिसत नाही, तेवढ्याच शेंड्यावर.